अपोलीनचं पाचारण

१४ जून १९८२

एस्तेल शाईची बाटली धरायची, मी नरसाळं. शनिवारी शाळा सुटली की वर्गातल्या सगळ्या दौती भरायचं काम आम्हा दोघींचं. ओततानाही तिची बडबड चालूच, म्हणून शाई सांडायचीच. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला दोघींची बोटं निळी! पण कम्युनियनचा प्रसाद घेताना हात पांढऱ्या कापडाखाली असायचे, त्यामुळे सिस्टर्सना कधी कळलं नाही. जागेवर परत येताना ती माझ्याकडे बघून डोळा मिचकावायची. बारा वर्षांच्या असू तेव्हा.

आज तीच एस्तेल आमच्या शाळेची सुपीरियर, म्हणजे मुख्य सिस्टर, म्हणून मालाडला आली. आता ती सिस्टर इमाक्युलेट. मधली सगळी वर्षं नागपूर, बेळगाव, कुठे कुठे होती. प्रार्थनेला शाळा पटांगणात उभी, मी दहावीच्या रांगेच्या टोकाला. खांबावरून फिरवावी तशी तिने माझ्यावरून नजर फिरवली. नंतर व्हरांड्यात म्हणाली, "तुम्ही मराठी शिकवता ना, टीचर?"

तुम्ही. मी म्हटलं, हो सिस्टर.

संध्याकाळी मात्र खोलीवर आली. लाँड्रीच्या मागची ही खोली — आई गेल्यावर सिस्टर्सनी मला दिली, तेव्हापासून मी इथेच. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "रेजी, किती म्हातारी झालीस गं." मग दोघी हसलो. पुढच्या एप्रिलला मी रिटायर होते. त्यानंतर खोलीचं काय, असं मी भीतभीत विचारलं. म्हणाली, मी इथे असेपर्यंत तुला कोण काढतंय.

बरं वाटलं. सिस्टर व्हायला आम्ही दोघींनी एकदमच नाव दिलं होतं, १९४६ साली. तिला घेतलं. माझ्या छातीच्या फोटोत डाग निघाला, मला परत पाठवलं. डाग पुढे बरा झाला. पण तोवर वय उलटून गेलं होतं.

९ जुलै

दहावी मराठी माध्यम. वर्ग दरवर्षी लहान होतोय, सगळ्यांना आता इंग्रजी हवं. शेवटच्या बाकावर अपोलीन किणी. मनोरीची. खालच्या दोन वर्गांत नापास होत आलेली, म्हणून बाकीच्यांपेक्षा थोराड. काळी, रुंद, हात पुरुषासारखे. सकाळी थोरली बहीण बेबियान मासळीची पाटी घेऊन मालाडच्या बाजारात येते, तिच्याबरोबर ही होडीतून आणि मग बसने.

वर्गात तिला "सुकट" म्हणतात. आज तिच्या बाकावर उदबत्ती लावून ठेवली होती. मी विचारलं कुणी लावली. कुणी बोलेना. अपोलीननेच विझवली, चिमटीत, आणि खिडकीतून टाकली. चेहऱ्यावर काही नाही. मी सगळ्यांना शिक्षा केली. मधल्या सुट्टीत त्यांनी तिचा डबा पाण्याने भरून ठेवला.

मी शिक्षा केली नसती तर बरं झालं असतं का? पूर्वी असं वाटायचं नाही.

१६ ऑगस्ट

काल स्वातंत्र्यदिन आणि मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण, दोन्ही एकाच दिवशी. आधी झेंडा, मग मिस्सा. लाडू एकच.

आज खंडाळ्याहून एक तरुण सिस्टर आली होती. तिथे त्यांचं नोव्हिशिएट आहे, नव्या मुलींना तयार करायचं घर. दहावीच्या ख्रिस्ती मुलींना तिने पाचारणाबद्दल सांगितलं. देव हाक मारतो, आपण ऐकायचं. फार गोड बोलली. मग म्हणाली, कुणाला कधी वाटलंय का तसं? हात वर करा. एकीचाही हात नाही. कुणीतरी मागून शिंकलं आणि हशा पिकला.

एस्तेल मागे उभी होती. नंतर मला म्हणाली, प्रत्येक शाळेने वर्षाला निदान एक मुलगी द्यावी असं वरून सांगणं आहे. बेळगावच्या शाळेने तीन दिल्या. "आणि आपल्याकडे ह्या भवान्या. नाकाला रुमाल लावून बसतात."

मी म्हटलं, हाक यायला वेळ लागतो. ती म्हणाली, "तुला फार माहीत."

१२ सप्टेंबर

मरियेच्या, म्हणजे मोतमावलीच्या, जत्रेला गेले. पायऱ्यांवर ही गर्दी! मेणाच्या वस्तूंच्या दुकानापाशी अपोलीन, तिची आई आणि बेबियान. आई मेणाचं घर घेत होती, मावलीला वाहायला. मला बघून पदर सावरला. म्हणाली, पोरीचं जमलं टीचर. मढचा दुमिंग. स्वतःची बोट आहे. बायको वारली, तीन पोरं आहेत. अपोलीनला मे महिन्यात अठरा पुरी होतील, त्याआधी कोर्टकचेरीची भानगड नको, पण बापाने शब्द देऊन टाकलाय. ईस्टर झाला की बोलणी पक्की.

अपोलीन मेणबत्त्यांकडे बघत होती.

परतताना बेबियान माझ्याजवळ रेंगाळली. बारीक आवाजात म्हणाली, दुमिंगची पहिली बायको पायऱ्यांवरून पडून मेली म्हणतात. "पण टीचर, त्याचे घराला पायऱ्याच नाय."

मग अपोलीनने मागे वळून एवढंच विचारलं: सिस्टर व्हायला दहावी पास लागते का?

घरी येऊन कितीतरी वेळ हेच मनात. ह्या पोरीच्या पोटात असं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्याच तरुणपणीच्या आवाजात कुणी बोलावं तसं झालं.

२२ सप्टेंबर

आजपासून छोट्या संत तेरेझाचा नोव्हेना. आमच्या मुलींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे: नऊ दिवस प्रार्थना करायची, काहीतरी मागायचं, आणि देवाचं उत्तर "हो" असेल तर नवव्या दिवसापर्यंत कुठूनतरी गुलाब मिळतो. मीही केला होता. गुलाब मिळाला नाही, आणि मी तरीही गेले, आणि परत आले.

अपोलीन धरतेय. वर्गात सगळ्यांना ठाऊक झालंय, कारण चॅपेलमध्ये ती ओठ हलवून मोठ्याने म्हणते. हिंदू मुलींनाही कळलं. मृणालिनी — डॉक्टरांची मुलगी, वर्गाची मॉनिटर, हुशार, तिखट — तिने मला सरळ विचारलं, "टीचर, गुलाब कुठल्या रंगाचा असावा लागतो का?"

मी सांगितलं, रंगाचं काही नाही. तिलाही कुतूहल, बरं वाटलं.

३० सप्टेंबर

पहिल्या तासाला वर्गात शिरले तर सगळ्या गप्प. अपोलीनच्या बाकावर गुलाब. लाल, लांब देठाचा, पाण्याचे थेंब अजून वर. ती बाहेरून आली, बाकाजवळ उभी राहिली. बघितलं. मग गुडघे टेकले, तिथेच, फरशीवर. कपाळाला लावला आणि ओठांना.

कुणी हसलं नाही. वाटलं, त्यासुद्धा भारावल्या. मलाही रडू आलं. शुद्धलेखन घ्यायचं होतं, ते राहिलं.

१ ऑक्टोबर

संत तेरेझाचा सण. प्रार्थना संपताना अपोलीन रांगेतून बाहेर आली आणि सगळ्या शाळेसमोर म्हणाली, "मला देवाने बोलावलंय. मला सिस्टर व्हायचंय." आवाज जाडा, घोगरा, पण कुठे अडखळली नाही.

एस्तेलने तिला जवळ घेतलं. एस्तेलच्या पांढऱ्या झग्यावर तो काळा, रुंद चेहरा. मग एस्तेलने पटांगणावर बघितलं, आणि ह्या वेळी माझ्यावर नजर थांबली. हसली.

५ ऑक्टोबर

मृणालिनी खोलीवर आली. आधी पुस्तक मागितलं, मग रडायला लागली. गुलाब तिने आणला होता. "आम्हाला वाटलं टीचर, ती वर्गातच नाचेल-बिचेल. मग आम्ही सांगणार होतो. गंमत फक्त. ती अशी सगळ्यांसमोर जाऊन बोलेल असं थोडंच वाटलं. आता सांगितलं तर सिस्टर मला काढून टाकतील. पप्पा मारतील."

मी म्हटलं, घरी जा. कुणाला काही बोलू नकोस.

तिला पाणी दिलं. 

६ ऑक्टोबर

एस्तेलला सांगितलं. ती ऑफिसात पेन्सिलींना टोक करत होती. थांबली नाही.

"मग काय झालं? गुलाब कुणीतरी ठेवणारच. आभाळातून पडतो की काय?"

मी म्हटलं, ती पोर खोट्यावर आयुष्य उभं करतेय. एस्तेल म्हणाली, तिचं दुसरं आयुष्य काय आहे ते मनोरीला जाऊन बघून आलीस का. मग म्हणाली, शिक्षण-बिक्षण हिच्या नशिबात नाही, पण खंडाळ्याला स्वयंपाकघर मोठं आहे, आणि असे हात हल्ली मिळत नाहीत.

असे हात! तिने सहज म्हटलं, टोक झालेली पेन्सिल फुंकत.

अपोलीनला काही सांगायचं नाही, असं मला बजावलंय. "आज्ञा समज."

मी तिची सिस्टर नाही. पण मान हलवली.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आईच्या कबरीवर मेणबत्ती लावली. वारा फार. लावली की विझे.

१९ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. शाळा रिकामी. अनंत — आमचा धोबी, लाँड्री तोच बघतो — खोलीसमोर चादरी वाळत घालतो, आणि मी दिवसभर त्या बघत बसते. वर्गात आता अपोलीनला कुणी सुकट म्हणत नाही. "मदर" म्हणतात. तिच्यापुढे गुडघे टेकून आशीर्वाद मागतात आणि पळतात. ती त्यांच्या डोक्यावर हात ठेवते, खरोखरच. टिंगल तिच्यापर्यंत पोचतच नाही असं दिसतं. हे सगळ्यात वाईट. एखादी रडली असती, चिडली असती. हिचा विश्वास बघवत नाही.

८ डिसेंबर

मदर प्रॉव्हिन्शियल आल्या होत्या. ह्या भागातल्या सिस्टर्सच्या सगळ्या घरांवरच्या मोठ्या मदर. जिला घ्यायचं तिच्याबद्दल शिक्षकांना एकेकट्याने विचारायची पद्धत आहे. पार्लरमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, मला बसवलं. चहा दिला. हळू बोलतात, कान पुढे करावा लागतो.

"ही मुलगी कशी आहे?"

मी म्हटलं, चांगली आहे. कष्टाळू आहे.

"आणि तिचं पाचारण?"

मी सांगितलं. मृणालिनीचं नाव घेतलं नाही, पण गुलाब मुलींनी ठेवला, चेष्टेत, हे सांगितलं. मदरनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, "तुम्ही तिला एका मोठ्या दुःखातून वाचवलंत, टीचर."

खरं बोललं की हलकं वाटतं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलं. वाट बघतेय.

११ डिसेंबर

खंडाळ्याच्या यादीतून अपोलीनचं नाव काढलं. एस्तेल माझ्याशी बोलत नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर एवढंच म्हणाली, "काही माणसांना दुसऱ्याला दार उघडलेलं बघवत नाही."

हेवा वाटला म्हणते. नाही वाटला, असं इथे लिहायला बसले, आणि पेन थांबलं.

२५ डिसेंबर

नाताळ. मध्यरात्रीच्या मिस्सेला गेले नाही, सकाळी गेले. करंज्या अनंतच्या पोरांना दिल्या.

१० जानेवारी १९८३

अपोलीन मधल्या सुट्टीत आली. दार लावून घेतलं. बस म्हटलं, बसली नाही.

"टीचर, मदरना तुम्ही सांगितलंत."

मी म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी. तुला फसवलं होतं त्या मुलींनी.

"मला कुणी नाय फसवलं. मृणालिनीच्या पिशवीतून देठ बाहेर आला होता, सकाळी गेटवरच बघितला. ती ठेवायला गेली तेव्हा मी मुद्दाम नळावर थांबले. तिला नीट ठेवता यावा म्हणून."

मी विचारलं, मग सगळ्या शाळेसमोर उभी का राहिलीस?

"नायतर मला कोण घेणार होतं? मी हुशार नाय. माझा रंग बघा. सिस्टर लोकांना काहीतरी चमत्कार लागतो. त्या पोरींनी आणून दिला, मी घेतला."

मग तिने समजावून सांगितलं, मी वर्गात बसलेली आणि ती टीचर असल्यासारखं. बाप कुणाचं ऐकत नाही. आईचं नाही, पंचांचं नाही. पण मनोरीत देवाला दिलेली पोर बापालाही परत मागता येत नाही. फादर येतात, गाव येतं. तेवढा एकच दरवाजा होता. तो मी मदरना सांगून लावला. उपवासकाळात लग्नाचं काही ठरवत नाहीत, म्हणून बोलणी ईस्टरपर्यंत थांबलीत. ईस्टरनंतर वाढदिवस, मग दुमिंग.

मी विचारलं — का विचारलं कोण जाणे — आणि देव? देवाचं काहीच नाही का ह्यात?

तिने दाराची कडी काढली. "दुमिंगच्या घरात एक दिवस राहून या टीचर, मग देवाचं विचारा."

घंटा झाली. ती वर्गात गेली. मी तिच्या मागोमाग जाऊन त्याच वर्गाला संधी सोडवायला दिल्या.

१४ जानेवारी

मढला जाऊन आले. शाळेचं काम काढून गेल्यासारखं. दुमिंग दारात जाळं दुरुस्त करत बसला होता. दिसायला बरा, हसतमुख. टीचर म्हटल्यावर खुर्ची आणून दिली. सर्वांत लहान पोरगं रांगत जाळ्यापाशी आलं तर त्याने न बघता पायाने बाजूला सारलं, कुत्र्याला सारतात तसं. पोरगं रडलं नाही. सवय असावी.

घराला पायऱ्या नाहीत. मी मुद्दाम बघितलं.

१६ फेब्रुवारी

राखेचा बुधवार, उपवासकाळाची सुरुवात. फादरनी कपाळावर राख लावली, तू माती आहेस म्हणाले. एस्तेल माझ्या पुढे उभी होती.

नंतर तिच्या ऑफिसात गेले. सगळं सांगितलं, दुमिंगचं, पोराचं. म्हटलं, अपोलीनला घ्या. कसंही करून घ्या. एस्तेलने ऐकलं. डोळे चोळले. फार थकलेली दिसली, आणि क्षणभर माझी एस्तेल वाटली.

"एकच वाट आहे, रेजी. गुलाबाची गोष्ट तू रचलीस असं सांगायचं. मदरच्या तोंडावर."

मी म्हटलं, आणि मृणालिनी?

"डॉक्टरांची मुलगी आहे. दहावीचं वर्ष. तिला काही आठवत नाही. मी विचारलं."

"आणि मी का रचली म्हणून सांगू?"

"ते तुला सांगावंच लागणार नाही. १९४६ साली कोण परत गेलं ते मदरना ठाऊक आहे. मी सांगितलंय." मग म्हणाली, "खोलीचं मग माझ्या हातात राहणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, नंतर माझ्या नावाने रडू नकोस."

मी म्हटलं, तू फक्त एवढं सांग मदरना, की तुला गुलाबाचं आधीपासून ठाऊक होतं, मी ऑक्टोबरातच येऊन सांगितलं होतं. म्हणजे दोष माझ्या एकटीवर यायचा नाही.

"मग पोरगी जाणार नाही, आणि मीही इथे राहणार नाही. विचार कर."

पेन्सिली सगळ्या एका उंचीच्या, डब्यात.

२१ फेब्रुवारी

बेबियान गेटवर उभी. पाटी रिकामी, बाजार उरकून आली होती. आत बोलावलं तर म्हणाली नको, कपड्यांना वास येतो.

"टीचर, माझे बहिणीला तेवढी सोडवा. मी हाय घरात म्हाताऱ्यांना बघायला. तिने शिकावं म्हणून मी पाटी घेतली डोक्यावर. तिला त्या घरात घालायला नाय घेतली."

मी म्हटलं, सोडवते.

तिने वाकून पायाला हात लावला. आमच्यात तशी रीत नाही. मी मागे सरकले नाही.

५ मार्च

पार्लरमध्ये मदर, एस्तेल, अपोलीन आणि मी. चहा नव्हता.

मी पाठ केलेलं म्हणून टाकलं. गुलाब कुणी ठेवला ते मला माहीत नाही. मुलींनी ठेवला हे मी मनाने जोडलं. मदरनी विचारलं, का? मी एस्तेलकडे बघितलं. ती हातातल्या जपमाळेकडे बघत होती. मी म्हटलं, मला घेतलं नव्हतं म्हणून.

एवढ्यावर संपलं असतं. पण मदर अपोलीनकडे वळल्या. टीचरनी तुला कधी काही म्हटलं होतं का, बाळ?

अपोलीन म्हणाली, "हो मदर. टीचर म्हणाल्या होत्या, मला नाही घेतलं, तर तुझ्यासारख्या काळ्या कोळणीला कोण घेणार."

शुद्ध बोलली. माझ्या तासाला कधी बोलली नाही इतकं शुद्ध.

मी असं कधीही म्हटलं नाही. कुणालाही नाही. मदर माझ्याकडे वळल्या, खरं आहे का हे? अपोलीनने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत क्षमा नाही, विनवणी नाही. एवढंच, की आता तुमची पाळी.

मी म्हटलं, हो.

मदर म्हणाल्या, "आणि अशा बाईच्या हाती आपण इतकी वर्षं मुली दिल्या." हे त्या एस्तेलला म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. रिटायर होण्याच्या दिवशीच खोली रिकामी करायची. निरोपसमारंभ नाही.

एस्तेलने दार उघडून धरलं. मी तिच्या इतक्या जवळून गेले की साबणाचा वास आला. एक वाक्य बोलली असती तर! एकच.

८ मार्च

शिक्षकांच्या खोलीत मी गेले की बोलणं थांबतं. शिवणाच्या सुनंदाबाईंनी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर नेला. वर्गात फळ्यावर कुणीतरी लिहिलं होतं: काळी कोळीण कोण? मी पुसलं आणि धडा घेतला. मृणालिनी मान खाली घालून बसली होती. तिचा निबंध फार चांगला झालाय. तसं लिहून दिलं तिला.

२७ मार्च

झावळ्यांचा रविवार, ईस्टर आठवड्यावर. परीक्षा झाल्या. अपोलीनने गणिताचा पेपर अर्धा कोरा दिला म्हणे. आता फरक पडत नाही.

४ एप्रिल

ईस्टरचा सोमवार. अपोलीन खंडाळ्याला गेली.

मनोरीहून अख्खं गाव आलं होतं, बँडसकट! बापाने कोट घातला होता, गळ्यात हार. सगळ्यांना मिठ्या मारत सांगत होता, माझी पोरगी देवाची झाली. सकाळीच पिऊन आला होता. फादरनी त्याचा हात हातात घेतला. ज्याच्यापासून पळायचं त्यालाच हार.

अपोलीन पांढऱ्या साडीत. बायका तिच्या पाया पडल्या. दहावीच्या मुलींनी गाणं म्हटलं, उदबत्त्या लावणाऱ्यांनीच. एस्तेलने तिच्या गळ्यात क्रूस घातला. बेबियान गाडीच्या खिडकीला धरून उभी, हसत होती आणि डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती.

मी लाँड्रीच्या दारातून बघितलं. अनंतने विचारलं, टीचर, तुम्ही पुढे नाही जात? मी म्हटलं, इथून दिसतं.

अपोलीनने एकदा ह्या बाजूला बघितलं. हात हलवला नाही. हलवला असता तर सगळं फुकट गेलं असतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. शहाणी आहे. मी वर्षभर तिला भोळी समजत होते.

सुटली. एवढंच धरून बसायचं. सुटली.

२२ एप्रिल

सामान आवरायला घेतलं. इतक्या वर्षांत माणूस किती डबे जमवतो.

३० एप्रिल

बाजारात बेबियानच्या जागेवर तिची आई बसली होती. रविवारी बेबियानचं लग्न झालं. मढला, दुमिंगशी. बापाने शब्द दिला होता, आणि घरात आता तीच उरली होती. आई म्हणाली, ती काही बोलली नाही, टीचर. पाटी धुऊन पालथी घातली आणि गेली.

दहिसरला भाच्याकडे एका ट्रंकेपुरती जागा आहे. हे पान फाडून टेबलावर ठेवते. अनंत, तू वाचून तसं कर:

खाट आणि कपाट तू घे.

शिवणयंत्र मढला, बेबियानला. तिच्या हातात द्यायचं, दुमिंगच्या नाही. माझ्या भाच्याचा पत्ता यंत्राच्या खणात आहे, तो तिला दाखव. कधीही ये म्हणून सांग, रात्री-अपरात्रीसुद्धा.

डबे आणि भांडी तिच्या आईला.

मराठी शब्दकोश मृणालिनीला.

खोलीची किल्ली सिस्टर इमाक्युलेटना. बरोबर निरोप काही नाही.

अपोलीनला काही द्यायचं नाही. खंडाळ्याहून पत्र आलं आणि त्यात तिने बहिणीची खुशाली विचारली, तर तिच्या आईला म्हणावं, बरी आहे असं कळवा.